विस्कटलेलं बिस्मथ अतिवाहक, नीटनेटकं मात्र जवळपास नाहीच: धातूच्या काचांबद्दल

वितळबिंदू (धागाकर्ता)

परवा शेजारच्या धाग्यावर एलके-९९चं (साध्या तापमानाला अतिवाहक असल्याचा २०२३ साली गाजलेला, पुढे फोल ठरलेला दावा) शिळं पुराण पुन्हा निघालं. त्यात एकाने ठोकून दिलं, "अतिवाहक व्हायचं, म्हणजे वीज शून्य रोधाने वाहून न्यायची, तर स्फटिक शुद्ध हवा, एक अणूही जागचा हललेला चालत नाही." तिथे अवांतर नको म्हणून गप्प बसलो, पण दोन दिवस ते वाक्य दातात अडकलेल्या सुपारीसारखं टोचतंय. म्हणून हा वेगळा धागा.

बिस्मथ घ्या. जड, किंचित गुलाबी झाक असलेला, ठिसूळ धातू. १९५४ साली ग्योटिंगेनमध्ये बुकेल आणि हिल्श या दोघांनी त्याची वाफ करून ती द्रवरूप हीलियमने थंड ठेवलेल्या तबकडीवर बसवली. तबकडी ४ केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २६९ सेल्सिअस. इतक्या थंडीत अणू पडला तिथेच गोठतो. सरकून रांगेत उभं राहायला त्याच्यात जोरच नसतो. असा जो विस्कटलेला पापुद्रा जमला, तो ६ केल्विनच्या सुमारास अतिवाहक झाला. रेझिस्टन्स शून्य. मग त्यांनी पापुद्रा जरा तापू दिला, वीसेक केल्विनपर्यंत. अणूंनी रांगा लावल्या, स्फटिक झाला आणि अतिवाहकता गेली ती गेलीच. पुन्हा थंड करूनही परत आली नाही.

रांगेतलं बिस्मथ अतिवाहक होतच नाही, असं पुढची सहा दशकं सगळे धरून चालले होते. ते खोडून काढलं आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्था), २०१६च्या डिसेंबरात. त्यांनी स्फटिकरूप बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनपर्यंत नेलं तेव्हा कुठे ते अतिवाहक झालं. त्याची अवस्था इतकी नाजूक, की ५ मायक्रोटेस्लाच्या आसपासच्या चुंबकक्षेत्राने ती मोडते. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र मुंबईत याच्या आठपट. म्हणजे नमुना आधी पृथ्वीपासूनच झाकून ठेवायचा.

तोच धातू, तेच अणू. रांगेत ०.०००५३ केल्विन, विस्कटून ६. फरक अकरा हजार पटींचा, आणि तो विस्कटलेल्याच्या बाजूने.

एमएस्सीनंतर दोन वर्षं मी एका प्रयोगशाळेत धातूच्या काचेच्या फिती काढत होतो. झिर्कोनियम आणि तांब्याच्या. आता पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे, पण विषय सुटलेला नाही. विचारा काय विचारायचं ते. टंकाळा आला तर उशिरा उत्तर देईन.

गवतीचहा

आधी वाचनखूण साठवली. बाळबोध प्रश्न: काच म्हणजे पारदर्शक ना? धातूची काच म्हणजे आरसा का?

वितळबिंदू

@गवतीचहा, बाळबोध नाही. काच म्हणजे पदार्थ नव्हे, ती अणूंची बसण्याची तऱ्हा. द्रवात अणू जसे अस्ताव्यस्त असतात तसेच्या तसे गोठवले की झाली काच. वाळूच्या बाबतीत हे सोपं, कारण वितळलेली वाळू चिकट असते, अणूंना हलायला वेळ लागतो. वितळलेला धातू पाण्यासारखा पातळ. तो गोठताना क्षणात रांगा लावतो. त्याला तो क्षणच मिळू द्यायचा नाही.

१९६० साली कॅलटेकमध्ये क्लेमेंट, विलेन्स आणि डुवेझ यांनी सोनं आणि सिलिकॉनचा वितळलेला थेंब जोरात थंड तांब्यावर फेकून हे साधलं. थंड होण्याचा वेग सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरात. ती द्रवातून गोठवलेली पहिली धातूची काच. अतिवाहक होणारी पहिली अशी काचही त्याच गटाची, १९७५ची: लँथॅनम आणि सोनं, साडेतीन केल्विनच्या आसपास.

आम्ही जे करायचो ते साधारण असं. क्वार्ट्झच्या नळीत मिश्रण वितळवायचं. नळीच्या टोकाला बारीक भोक. खाली तांब्याचं चाक गरागरा फिरतंय. वरून आरगॉनचा दाब दिला की सोऱ्यातून शेव पडावी तसा धातू चाकावर पडतो आणि तीस मायक्रॉन जाडीची फीत होऊन समोरच्या नळकांड्यात भिरकावला जातो. सगळा खेळ दीड-दोन सेकंदांचा, त्याच्या तयारीला अख्खा दिवस. चाकाला टेकलेली बाजू मंद दिसते, मोकळी बाजू चकचकीत.

चांगली फीत ओळखायची खूण: दोन बोटांत धरून पूर्ण दुमडायची. काच असेल तर मोडत नाही, सोडली की पुन्हा बरीचशी सरळ होते. आत स्फटिक झाले असतील तर पापडासारखी कट्कन तुटते. एक्स-रे काढायचा तो नंतर. स्फटिकाच्या आलेखात टोकदार सुळके येतात, काचेच्या आलेखात एक बुटकी, पसरट टेकडी. ती टेकडी पाहिली की आम्ही चहा सांगायचो.

डीपीवाला

अरे, मग हे आमच्याच बिरादरीतलं! अमॉर्फस कोअरचे डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मर म्हणजे याच फिती, लोखंड-बोरॉन-सिलिकॉनच्या. नुसता चालू ठेवला, लोड नसला तरी जी वीज वाया जाते ती साध्या सिलिकॉन स्टीलपेक्षा बरीच कमी. मग ती कोअर हीलियममध्ये बुडवली तर अतिवाहक होईल का? :)

वितळबिंदू

नाही होणार, आणि का नाही त्यातच मजा आहे. लोखंड चुंबकीय. त्याचं कारण @उत्तरायण माझ्यापेक्षा नीट सांगतील, ते अजून याच क्षेत्रात आहेत.

चाळीतला चार्वाक

एक मिनिट. काचेत अणू अस्ताव्यस्त, म्हणजे इलेक्ट्रॉन पावलोपावली ठेचकाळणार, म्हणजे रेझिस्टन्स जास्त. मग जो धातू मुळात वाईट वाहक तोच एकदम शून्य रेझिस्टन्सचा कसा होतो? जो मुलगा रोज नापास होतो तो एके दिवशी बोर्डात पहिला? पटत नाही. इनो घेऊन बसलोय, समजवा.

उत्तरायण

धाग्यावर ओढलंच आहे तर लिहितो. सध्या जर्मनीत आहे, इथे रात्र आहे, चुका काढू नयेत.

@चार्वाक, तुमची पहिली दोन वाक्यं अगदी बरोबर आहेत. धातूच्या काचेची रोधकता साधारण १५० ते २०० मायक्रोओहम-सेंटिमीटर असते. तांब्याची १.७. म्हणजे शंभरेक पट वाईट. इलेक्ट्रॉन दोन-चार अणू ओलांडतो न ओलांडतो तोच आपटतो. आणखी एक विचित्र गोष्ट: तांबं थंड केलं की रोध झपाट्याने उतरतो. काचेचा ढिम्म हलत नाही. उलट रोधकता १५०च्या वर गेली की थंड करताना रोध किंचित वाढायला लागतो. हे मोइयने १९७३ साली ढीगभर मिश्रधातूंचे आकडे एकत्र मांडून दाखवलं. सपाट रेघ, सपाट रेघ, जराशी वर, आणि मग दोन-तीन केल्विनला कडा कोसळावा तशी थेट शून्यावर.

का? अतिवाहकतेत इलेक्ट्रॉन एकेकटे चालत नाहीत, जोडीने चालतात. बार्डीन, कूपर, श्रीफर यांचा १९५७चा सिद्धांत. शुद्ध स्फटिकात जोडीतला एक उजवीकडे जाणारा तर दुसरा डावीकडे जाणारा. आता तुम्ही म्हणाल, काचेत सरळ उजवीकडे असं कुणी जातच नाही. खरंय. पण १९५९ साली अँडरसनने दाखवलं की सरळ जायची गरजच नाही. पुण्याच्या पेठांतले बोळ डोळ्यांपुढे आणा. एक माणूस मारुतीपासून गणपतीपर्यंत कितीही वळणं घेत गेला, तरी त्याच वळणांनी उलट येणारा दुसरा माणूस असू शकतो. वाट वाकडी असली तरी दोघांची एकच. अँडरसनच्या जोड्या अशा जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या. बोळ सरळ की वेडावाकडा याने जोडीला फरक पडत नाही.

फरक कशाने पडतो? वन-वेच्या पाटीने. जाता येतं पण त्याच वाटेने उलट येता येत नाही, की जोडी फुटली. चुंबकीय अणू म्हणजे ती पाटी. @डीपीवाला, तुमच्या कोअरमध्ये प्रत्येक कोपऱ्यावर वन-वे आहे.

डीपीवाला

म्हणजे आमची कोअर म्हणजे सदाशिव पेठ. घरी सांगतो.

चाळीतला चार्वाक

बरं, पटलं. पण यातून इतकंच सिद्ध झालं की विस्कटल्याने नुकसान होत नाही. बिस्मथला तर फायदा झाला, तोही अकरा हजार पट. अँडरसनकाकांचा बोळ तिथे पुरत नाही.

वितळबिंदू

नाहीच पुरत. बरोब्बर जागी बोट ठेवलंत.

फायद्याचं उत्तर इलेक्ट्रॉनांच्या रचनेत आहे. धातूत इलेक्ट्रॉन खालपासून जागा भरत जातात. जिथे भरणं संपतं ती फर्मी पातळी. वीज वाहणं, जोड्या जुळणं, सगळा व्यवहार त्या काठावर. मुद्दा हा की काठावर जागा किती? भरपूर असतील तर जोड्या जुळायला वाव. आणि हा आकडा अतिवाहक तापमानाच्या सूत्रात घातांकात बसतो, त्यामुळे जागा थोड्या वाढल्या की तापमान कितीतरी वाढतं.

स्फटिकातल्या बिस्मथचे अणू किंचित तिरपे सरकून बसलेले असतात, आणि त्या सरकण्यामुळे नेमक्या फर्मी पातळीशी जागा जवळपास नाहीशा होतात. लाख अणूंमागे एखादा इलेक्ट्रॉन मोकळा. एवढ्याशा इलेक्ट्रॉनांवर अतिवाहकता उभी राहते कशी, हे साध्या सिद्धांतात बसत नाही. टीआयएफआरच्या निकालाने खळबळ झाली ती म्हणूनच. विस्कटलेल्या बिस्मथमध्ये ते तिरपं बसणंच शिल्लक राहत नाही. अणू दाटीने बसतात, प्रत्येक अणूचे पाचही बाहेरचे इलेक्ट्रॉन मोकळे होतात, आणि बिस्मथ पहिल्यांदा खऱ्या अर्थाने धातू होतं.

खडूफळा

मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. एक आठवलं म्हणून लिहितो. बिस्मथ गोठताना प्रसरण पावतं, पाण्यासारखं. घन तुकडा स्वतःच्याच द्रवावर तरंगतो. म्हणजे स्फटिकात अणू ऐसपैस बसलेले आणि द्रवात दाटीने. तुम्ही म्हणता ती काच म्हणजे गोठलेला द्रव. संबंध लागतो का?

वितळबिंदू

मास्तर, दंडवत! अगदी हाच संबंध. गॅलियमही तसंच, गोठताना फुगतं. रांगेतलं गॅलियम १.०८ केल्विनला अतिवाहक होतं, विस्कटलेलं ८.४ला. हेही बुकेल-हिल्शचंच काम. आणि मुळातच दाटीने बसणारं शिसं बघा: स्फटिक ७.२, आणि थोडं तांबं मिसळून केलेली त्याची काच साडेसहाच्या आसपास. तिथे विस्कटून मिळवण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

खडूफळा

गॅलियम तर ३० अंशांच्या आतच वितळतं. आम्ही मे महिन्यात वर्गात तळहातावर ठेवायचो, पोरं ओरडायची. ते आतून असं आहे हे तेव्हा ठाऊक असतं तर आणखी एक तास घेतला असता.

उत्तरायण

@वितळबिंदू, थोडा विरोध नोंदवतो. सगळं श्रेय 'जागां'ना देताय, ते अर्धवट आहे. जोडी जुळवणारा गोंद म्हणजे अणूंची थरथर, फोनॉन. काचेत अणू सैलसर बसलेले असतात, मंद थरथरी जास्त, आणि मंद थरथर जोडी घट्ट करते. याला पुरावा आहे. जोडी फोडायला लागणारी ऊर्जा आणि अतिवाहक तापमान यांचं गुणोत्तर बीसीएसप्रमाणे (वरचा बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धांत) ३.५३ यायला हवं. विस्कटलेल्या बिस्मथमध्ये आणि गॅलियममध्ये ते साडेचारच्या आसपास येतं. नुसत्या जागा वाढल्या असत्या तर हे गुणोत्तर जागचं हललं नसतं. गोंदच बदललाय.

वितळबिंदू

मान्य. बिस्मथ-गॅलियमबद्दल तुमचं म्हणणं खरं, तिथे मी घाईने लिहिलं. माझ्या बुद्धीचा दोष. पण संक्रमणी धातूंत, म्हणजे झिर्कोनियम, नायोबियम, मॉलिब्डेनम या ओळीत, मी जागांचाच झेंडा धरून बसणार. बघा.

नायोबियम: स्फटिक ९.२ केल्विन, विस्कटलं की पाचेक. घसरलं. शेजारचं मॉलिब्डेनम: स्फटिक ०.९२ केल्विन, आणि त्याच्या आसपासच्या विस्कटलेल्या मिश्रणांत आठ-नऊ. उसळलं. दोघंही आवर्तसारणीत खेटून बसलेले, विस्कटण्याचा प्रकारही तोच, आणि एक वर गेला, एक खाली आला. नुसता गोंद बदलला असता तर दोघं एकाच दिशेला जायला हवे होते.

स्फटिकात जागांचा आलेख सह्याद्रीसारखा: सुळका, दरी, सुळका. नायोबियमची फर्मी पातळी सुळक्यावर येते, मॉलिब्डेनमची दरीत. रांगा मोडल्या की सुळके झिजतात, दऱ्या भरतात, नुसतं एक पसरट पठार उरतं. सुळक्यावरचा खाली येतो, दरीतला वर. १९७३ साली कॉल्व्हर आणि हॅमंड यांनी अख्खी ओळच्या ओळ विस्कटून मोजली. अणूमागे बाहेरचे इलेक्ट्रॉन किती यावर अतिवाहक तापमान ठरतं, हा माथियासचा नियम; त्याप्रमाणे स्फटिकांच्या आलेखात दोन शिखरं येतात. विस्कटलेल्यांत मधोमध एकच शिखर आलं. जिथे स्फटिकांची दरी होती, बरोबर तिथे.

गवतीचहा

हे जागांचं प्रकरण खरंच कुणी पाहिलंय, की आकडे जुळतात म्हणून मानायचं?

वितळबिंदू

पाहिलंय. १९७९ साली बासेलमध्ये, झिर्कोनियम-तांबे आणि झिर्कोनियम-पॅलेडियमच्या फितींवर अतिनील प्रकाश टाकून बाहेर उडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजली. कुठल्या खोलीवर किती जागा भरलेल्या आहेत ते थेट दिसतं. तांब्याचे डी-इलेक्ट्रॉन फर्मी पातळीच्या कितीतरी खाली, साडेतीन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास निवांत बसलेले. काठावर सगळं राज्य झिर्कोनियमचं. त्यामुळे फितीत झिर्कोनियम वाढवा, तापमान वाढतं. तांबं वाढवा, उतरतं. शुद्ध स्फटिक झिर्कोनियम ०.६च्या आसपास, आणि ७० टक्के झिर्कोनियमची फीत अडीचच्या आसपास. तांब्यासारखा उत्तम वाहक घातला की अतिवाहकता बिघडते, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं.

यातला एक आलेख मी स्वतः काढलाय, म्हणजे काढायचा प्रयत्न केलाय. हीलियमचा देवार (थर्माससारखं भांडं) तीन आठवडे वाट पाहून मिळाला होता. फितीवर चांदीच्या लेपाने चार बारीक तारा चिकटवायच्या, दोनमधून वीज सोडायची, दोनवर व्होल्टेज वाचायचं. रात्री अकराला खाली उतरवायला घेतलं. ३ केल्विनपर्यंत सुंदर सपाट रेघ. मग आकडा पडला, अर्ध्यावर थांबला, आणि पुन्हा पडला. मला वाटलं काहीतरी नवीन सापडलं! सर झोपेतून उठून आले, आलेख पाहिला, म्हणाले, "फीत वाकवून बघितली होतीस?" नव्हती. ती फीत जाड आली होती. चाकाकडची बाजू काच, मोकळी बाजू हळू निवल्याने अर्धवट स्फटिक. दोन पदार्थ, दोन पायऱ्या. पुढच्या तुकड्याला तारा चिकटवल्या तर थंडीत एक लेप उखडला, आणि हीलियम संपलं.

चाळीतला चार्वाक

नवीन शोध लागता लागता पापड मोडला. :) बरं, उपयोग काय याचा? की नुसतंच अडीच केल्विनला कुढत बसायचं?

उत्तरायण

तारा, मोठी चुंबकं यासाठी फारसा नाही. चुंबकक्षेत्र आत शिरतं ते भोवऱ्यांच्या रूपाने, आणि वीज सोडली की भोवरे घरंगळतात. ते अडकवून ठेवायला पदार्थात खाचखळगे लागतात. काच इतकी एकसारखी की अडकायला काही नाही. त्यामुळे फार वीज पेलवत नाही.

पण हाच एकसारखेपणा दुसरीकडे सोनं ठरलाय. टंगस्टन आणि सिलिकॉनच्या विस्कटलेल्या पापुद्र्यातून केसापेक्षा शेकडो पट बारीक तार कोरायची, अतिवाहक ठेवायची, आणि काठोकाठ वीज सोडायची. प्रकाशाचा एक कण, एकच फोटॉन, पडला की तिथली अतिवाहकता क्षणभर मोडते आणि टिक् असा पल्स मिळतो. स्फटिकांच्या पापुद्र्यात कणांच्या कडा आड येतात. काचेला कडाच नाहीत, कुठल्याही पृष्ठावर बसते. २०१३ साली अशा शोधकाने १०० फोटॉनांपैकी ९३ मोजून दाखवले. २०२३च्या डिसेंबरात नासाच्या सायकी यानाने ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून लेझरने एका मांजराचा व्हिडिओ पाठवला तो आठवतोय? कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या दुर्बिणीशी तो प्रकाश टिपला तो टंगस्टन सिलिसाइडच्याच तारांनी.

डीपीवाला

मांजराचा व्हिडिओ पाहिला होता. त्यामागे काच आहे हे आत्ता कळलं. धागा वसूल.

गवतीचहा

@उत्तरायण, विस्कटण्याला मर्यादा नाही का? किती विस्कटलं म्हणजे अति झालं?

उत्तरायण

आहे, आणि तीही बिस्मथवरच दिसली. १९८९ साली मिनेसोटात पापुद्रा इतका पातळ केला की अणूंचे जेमतेम थर. पापुद्र्याच्या चौरस तुकड्याचा रोध साडेसहा हजार ओहमच्या आसपास गेला की अतिवाहकता जाते, आणि मध्ये साधा धातूही लागत नाही, थेट विद्युतरोधक. अँडरसनचे बोळ तिथे बंद पडतात. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

झोपण्याआधी एक. भोवऱ्यांना अडकायला जागा नाही म्हटलं ना, त्याचा परिणाम फार देखणा आहे. मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या काचेत भोवरे एकमेकांना ढकलत ढकलत मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी मांडणी करतात. अणूंची रांग मोडलेली आणि त्यावर भोवऱ्यांची रांग लागलेली. टीआयएफआरच्याच दुसऱ्या एका गटाने २०१९मध्ये सूक्ष्मदर्शकाने ही मांडणी पाहिली, आणि क्षेत्र वाढवत नेल्यावर ती कशी वितळते तेही. एकदम द्रव होत नाही. आधी जागा सुटतात पण दिशा टिकते, मग दिशाही जाते. कुलाब्याला गेलात तर विचारून बघा, बिस्मथही तिथलंच आणि हेही.

खडूफळा

@वितळबिंदू, तुमच्याकडे त्या फितीतला एखादा तुकडा शिल्लक आहे का? गावातल्या शाळेत अजून अधूनमधून तास घेतो. पोरांच्या हातात द्यायला हवा होता. पोस्टाचा खर्च देईन.

वितळबिंदू

मास्तर, खर्च कसला. डबीत दहा-बारा तुकडे आहेत, चार पाठवतो. पत्ता व्यक्तिगत निरोपाने पाठवा, इथे जाहीर लिहू नका. एकच विनंती, गॅसवर धरू देऊ नका पोरांना. चारशे-पाचशे अंशांच्या आसपास ती स्फटिक होते.

खडूफळा

एक मुद्दाम धरूनच बघणार. झाली की नाही हे कसं कळेल?

वितळबिंदू

दुमडून बघा.